आईनं वेगासला स्लॉट मशीनवर २,४८० डॉलर जिंकले, टॅक्स कुणाचा, कुठे आणि किती?

फ्रीमाँटकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आता भारतातल्या रिटर्नची मुदत (१५ सप्टेंबर २०२५) तोंडावर आली म्हणून बसलोय.

मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, कॅलिफोर्नियात आठ वर्षं. गेल्या वर्षी म्हणजे जून २०२४ मध्ये आई आली होती मिरजेहून, टुरिस्ट व्हिसावर. ग्रँड कॅनियन बघून परत येताना वेगासला एक रात्र राहिलो. आई आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेली, रिटायर्ड शिक्षिका. मी म्हटलं वीस डॉलर टाक, मजा बघ. दहा मिनिटांत मशीनवरचा दिवा फिरायला लागला, गाणं वाजायला लागलं आणि स्क्रीन अडकली, अटेंडंटला बोलवा म्हणून. आईला वाटलं तिनं मशीन बिघडवलं, ती खुर्चीवरून उठून लांब जाऊन उभी राहिली. २,४८० डॉलर लागले होते.

माणूस आला, त्यानं पहिला प्रश्न विचारला की बटण कुणी दाबलं. मी काही बोलायच्या आत आईनं हात वर केला, शाळेत करतात तसा. मग पासपोर्ट मागितला. तो तिच्या पर्समध्ये, रबर लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. सह्या झाल्या आणि हातात आले १,७३६. बाकीचे ७४४ कापले. मार्चमध्ये १०४२-एस नावाचा, किती टॅक्स कापला त्याचा कागद पोस्टानं आला.

आता ऑफिसातला मित्र म्हणतो तू मूर्खपणा केलास, तू दाबलं म्हणाला असतास तर एक डॉलर कापला नसता. तेव्हापासून डोक्यात तेच. हे ७४४ परत मिळतात का? आणि आईला भारतात हे दाखवायला लागतं का? तिची पेन्शन आणि एफडीचं व्याज मिळून साधारण नऊ लाखांच्या घरात आहे.

ओसरी_डेन्व्हर
मित्राचं ऐकू नकोस. पैसे त्याचे ज्यानं खेळ केला. त्या कागदावर सही करताना खोटं लिहिलं तर शपथेवर खोटं लिहिणं होतं ते, आणि तू व्हिसावर आहेस. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून सातशे डॉलरसाठी खोटी सही? कॅमेरे छतावर आहेत सगळीकडे, बटण कुणी दाबलं ते त्यांना दिसतं.

आणि कापला नसता म्हणजे लागला नसता असं नाही. तुला डब्ल्यू-२जी, म्हणजे जिंकल्याच्या नोंदीचा कागद, मिळाला असता, कापला काहीच नसता कारण स्लॉटवर तुझ्यासारख्या, टॅक्ससाठी निवासी माणसाचं तिथल्या तिथे कापत नाहीत, पण एप्रिलमध्ये रिटर्नमध्ये सगळी रक्कम पगारात मिळवून भरावी लागली असती.

हिशोबनीस_पुणे
ओसरी बरोबर बोलताहेत. जरा आकडे मांडूया म्हणजे मित्राच्या सल्ल्याची किंमत कळेल.

फ्रीमाँटकर, तुम्ही फेडरलच्या २४ टक्क्यांच्या टप्प्यात असाल असं धरतो, कॅलिफोर्निया वर ९.३ टक्के घेते. नेव्हाडात राज्याचा इन्कम टॅक्स नाही हे खरं, पण तुम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी, तुमचं जगातलं सगळं उत्पन्न कॅलिफोर्निया धरते, वेगासचं पण. म्हणजे ३३.३ टक्के. आईचे कापले ३०. खोटं बोलून तुम्ही जास्तच भरले असते.

आता मुद्दा. अमेरिकेच्या टॅक्सच्या भाषेत आई अनिवासी, नॉन-रेसिडेंट एलियन. अशा माणसाच्या जुगाराच्या पैशावर सरसकट ३० टक्के, आणि हरलेले पैसे वजा मिळत नाहीत. काही देशांशी अमेरिकेचा करार असा आहे की तिथल्या रहिवाशाला हा टॅक्स माफ, त्यात ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, जपान वगैरे आहेत. भारत त्यात नाही. भारत-अमेरिका कराराच्या कलम २३ मध्ये जिथं उत्पन्न झालं त्या देशालाही टॅक्स लावायचा हक्क ठेवलाय. त्यामुळे ७४४ परत मिळणार नाहीत, ते विसरा. पूर्ण कापून झालेत आणि दुसरं काही अमेरिकन उत्पन्न नाही तर आईला तिकडे १०४०-एनआर (अनिवासींचं रिटर्न) भरायचीही गरज नाही.

भारतात मात्र दाखवावं लागेल. आई भारताची निवासी आहे, जगातलं सगळं उत्पन्न इथे दाखवायचं. किती ते संध्याकाळी लिहितो, आत्ता क्लायंट बसलेत.

लेस्टरची_ओवी
वाट बघतेय संध्याकाळची. तोवर ब्रिटनचं सांगते कारण मला हे अंगावर येऊन शिकायला लागलं.

इथे जिंकलेल्या पैशावर एक पेनी टॅक्स नाही, ना लॉटरी ना घोडे ना बिंगो. पूर्वी पैज लावताना ९ टक्के ड्यूटी ग्राहकाच्या माथी यायची, ती २००१ मध्ये गेली, आता कंपनीच आपल्या नफ्यावर भरते. पैसे बँकेत टाकले की व्याजावर टॅक्स, तेवढंच.

तर आम्ही २०२३ ला वेगासला गेलो, नवऱ्याला स्लॉटवर १,९०० लागले. तो पण भारतीय पासपोर्टवाला, पण लेस्टरला नऊ वर्षं. काउंटरवरच्या बाईनं पासपोर्टचं मुखपृष्ठ बघितलं, इंडिया लिहिलं, ५७० कापून मोकळी. करार पासपोर्टवर नसतो हो, तुम्ही टॅक्स कुठे भरता त्यावर असतो! मी तिथेच सांगत होते, तिनं ऐकून घेतलं पण तिच्या हातात काही नव्हतं कारण करार मागायचा तर अमेरिकेचा टॅक्स नंबर लागतो, आयटीआयएन, तो आमच्याकडे कुठला. मग डब्ल्यू-७ भरून तो नंबर काढला, १०४०-एनआर भरला, इथल्या रहिवासाचा दाखला एचएमआरसी या टॅक्स खात्याकडून मागवला. पैसे आले पूर्ण, पण अकरा महिने गेले आणि माझे कितीतरी रविवार.

नागपूरचा_भाऊ_टेक्सास
एक विचारू का, थोडं घाबरून विचारतोय. मी एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आहे, मास्टर्स, तिसरं वर्ष. स्प्रिंग ब्रेकला मित्रांसोबत वेगासला गेलो, १,६४० डॉलर लागले स्लॉटवर. माझ्याकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) आहे कॅम्पस जॉबचा, तो दिला, त्यांनी काहीच कापलं नाही, डब्ल्यू-२जी दिला. मी खुश. एप्रिलमध्ये नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून १०४० (निवासींचं रिटर्न) भरला, त्यात स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) वजा झालं आणि जवळजवळ काहीच टॅक्स आला नाही. आता हा धागा वाचून पोटात गोळा आला भाऊ, मी पण अनिवासीच ना?

हिशोबनीस_पुणे
हो. एफ-वन वाला पहिली पाच कॅलेंडर वर्षं, निवासी ठरवायला अमेरिकेतले दिवस मोजतात, त्या मोजण्यातून वगळलेला असतो, म्हणून तिसऱ्या वर्षी तुम्ही अनिवासीच. एसएसएन असणं आणि टॅक्ससाठी निवासी असणं या दोन वेगळ्या गोष्टी. काउंटरवरच्या माणसानं नंबर बघितला आणि निवासी धरलं, चूक त्याची असली तरी हिशोब तुमच्या नावावर.

मुळात १०४०-एनआर भरायला हवा होता, जुगाराचे पैसे त्यातल्या शेड्यूल एनईसी या तक्त्यात, ३० टक्के, म्हणजे ४९२ डॉलर. स्टँडर्ड डिडक्शन अनिवासी भारतीय विद्यार्थ्याला करारामुळे मिळतं, पण ते पगारावर, या पैशावर नाही. आता १०४०-एक्स (दुरुस्तीचा फॉर्म) सोबत १०४०-एनआर जोडून दुरुस्त करा, ८८४३ (दिवस वगळल्याचा फॉर्म) भरला नसेल तर तोही. युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसकडे अनिवासींचं सॉफ्टवेअर बहुतेक असतं, आधी तिकडे विचारा. पत्र यायच्या आधी स्वतःहून दुरुस्त केलं की दंड-व्याज कमीत कमी राहतं. घाबरू नका, पण पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

नागपूरचा_भाऊ_टेक्सास
उद्याच जातो. खूप खूप आभार, खरंच.

ओसरी_डेन्व्हर
एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, विशेषतः आईवडील येणार असतील तर. अनिवासी माणसाला ब्लॅकजॅक, बॅकरा, क्रॅप्स, रुलेट आणि बिग सिक्स व्हील या पाच खेळांवर अमेरिकेत टॅक्सच नाही. कायद्यात तसं लिहिलंय. स्लॉट, किनो, बिंगो, पोकर टूर्नामेंट यांवर आहे. काकूंनी तेच पैसे रुलेटवर जिंकले असते तर पूर्ण २,४८० घेऊन आल्या असत्या. अर्थात भारतात तरीही दाखवावे लागले असतेच.

शिवाजीपार्क_ते_न्यूजर्सी
माझी गोष्ट वेगळी आहे आणि मला वाटतं इथल्या निम्म्या लोकांची हीच असेल, फक्त कुणी बोलत नाही.

मी एच-वन-बी, निवासी. फोनवरच्या ॲपवर क्रिकेट, एनबीए यावर बेट लावायचो. २०२४ मध्ये जिंकलेल्या बेटची बेरीज ९,१०० डॉलर आणि हरलेल्याची ९,६५०. म्हणजे वर्षाअखेर साडेपाचशे डॉलर माझ्याच खिशातून गेलेले. मला वाटलं तोटा आहे, टॅक्स कसला. सीपीएनं (इथला सीए) सांगितलं की ९,१०० उत्पन्न म्हणून दाखवायचे, आणि तोटा वजा करायचा तर आयटमाइझ करायला, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवायला लागेल. मी भाड्याच्या घरात, मॉर्गेज नाही, आयटमाइझ केलं तर स्टँडर्ड डिडक्शन जातं जे त्याहून मोठं. म्हणजे तोटा कागदावर वाया. दोनेक हजार फेडरल टॅक्स भरला मी, हरलेल्या पैशावर! न्यू जर्सी राज्य तरी जिंकलेल्यातून हरलेले वजा करू देतं, तेवढं बरं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. ॲप काढून टाकलंय.

हिशोबनीस_पुणे
काढलंत ते फार चांगलं केलंत. कारण हे आणखी वाईट होतंय. जुलै २०२५ च्या नव्या कायद्यानं २०२६ पासून हरलेल्या रकमेचा फक्त ९० टक्के भाग वजा मिळणार, तोही आयटमाइझ केलं तरच. दहा हजार जिंकून दहा हजार हरला तरी एक हजारावर टॅक्स. जे खेळतात त्यांनी निदान वही ठेवा, तारीख, जागा, खेळ, किती आत किती बाहेर. स्लॉटवाल्यांना प्रत्येक बसणीचा निव्वळ हिशोब धरता येतो, पण वही असेल तरच ते टिकतं.

आता फ्रीमाँटकरांच्या आईचं.

भारतात त्या वर्षी (२०२४-२५) लॉटरी, पत्ते, जुगार, कुठल्याही खेळाचं बक्षीस यावर कलम ११५बीबी, सरळ ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस, मिळून ३१.२. यातून खर्च वजा नाही, वेगासचं विमानाचं तिकीट नाही, मशीनमध्ये टाकलेले वीस डॉलर पण नाहीत. पूर्ण २,४८० धरायचे, हातात आलेले १,७३६ नाही. इथे बरेच जण चुकतात. अमेरिकेत कापलेल्या ७४४ चं क्रेडिट मिळतं, त्यासाठी फॉर्म ६७ ऑनलाइन भरायचा, सोबत १०४२-एस जोडायचा. आधी फॉर्म ६७, मग रिटर्न. आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ घ्या, परदेशी उत्पन्नाची आणि परदेशी टॅक्सची शेड्यूलं भरा.

दर कुठला धरायचा हा सगळ्यात किचकट भाग. उत्पन्न रुपयात करताना स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो दर) वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा, म्हणजे ३१ मार्च २०२५ चा. क्रेडिट रुपयात करताना मात्र टॅक्स कापला त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा, म्हणजे ३१ मे २०२४ चा. त्या दहा महिन्यांत डॉलर साधारण दोन रुपयांनी वर गेला, त्यामुळे टॅक्स वरच्या दरानं आणि क्रेडिट खालच्या दरानं. सगळं धरून आईंना भारतात चार-सव्वाचार हजार भरायचे निघतील. ज्येष्ठ नागरिक आणि धंद्याचं उत्पन्न नाही म्हणून ॲडव्हान्स टॅक्स नाही, तेवढं व्याज वाचलं.

आणखी एक, अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. आईंचा जून दोन्हीकडे २०२४ मध्येच बसतो. फेब्रुवारीत कुणी जिंकलं तर अमेरिकेचा कागद पुढच्या वर्षी येतो आणि भारताचं रिटर्न त्याच्या आधी भरायचं असतं. तेव्हा कॅसिनोतून मिळालेली पावती जपून ठेवा, तिच्यावरच काम निघतं.

रत्नागिरी_टू_देरा
दुबईकरांच्या वतीनं विचारतो. इथे सॅलरीवर टॅक्स नाही, लॉटरीवर नाही, सगळे महिन्याला पैसे काढून तिकीट घेतात. दुबई ड्युटी फ्रीचं मिलेनियम मिलियनेअर तर १९९९ पासून आहे, हजार दिरहमचं एक तिकीट, एका सोडतीला पाच हजारच तिकिटं, बक्षीस दहा लाख डॉलर. एकट्याला हजार परवडत नाही म्हणून आम्ही दहा जण शंभर शंभर काढतो. आमच्या रूममधले चार, बाकी साइटवरचे. तिकीट एकाच्या नावावर, दर वेळी नाव फिरतं.

अजून लागलं नाहीये काही, पण लागलं तर? आमच्यातला एक जण मे महिन्यात कायमचा गावी गेला, गुहागरला, तो अजून तिथून शंभर दिरहम पाठवतो म्हणतोय. आणि कुणीतरी सांगितलं की जिथे टॅक्स नाही तिथल्या भारतीयांना आता भारत निवासीच धरतो, ते खरं का?

हिशोबनीस_पुणे
शेवटून सुरू करतो कारण त्यावर आखातातली माणसं उगाच रात्री जागतात. तसं एक कलम आहे, पण ते ज्याचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे आणि जो कुठल्याच देशात टॅक्सला पात्र नाही अशा भारतीय नागरिकासाठी. आणि त्याला निवासी धरलं तरी अर्धवट निवासी, आरएनओआर धरतात, त्याच्या परदेशी बक्षिसावर भारतात टॅक्स येत नाही. साइटवर काम करणाऱ्या माणसाला हे लागूच होत नाही.

तुम्ही अनिवासी आहात, बक्षीस यूएईत लागलं, यूएईच्या बँकेत पहिल्यांदा जमा झालं, मग तिथून भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात पाठवलंत तर भारतात शून्य. पहिल्यांदा कुठे मिळालं हे महत्त्वाचं. बक्षीस थेट रत्नागिरीच्या खात्यात घेतलंत तर भारतात मिळालेलं उत्पन्न झालं आणि ३१.२ टक्के, वर रक्कम मोठी असेल तर सरचार्ज. आईवडील, भाऊ-बहीण यांना पाठवलेली भेट भारतात करमुक्त आहे, कितीही असो.

गुहागरच्या मित्राला मात्र आजच सांगा थांब म्हणून. भारतात राहून परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी पैसे पाठवणं फेमा या परकीय चलन कायद्याखाली बंद आहे, शंभर दिरहम असोत की शंभर रुपये. आणि समजा लागलं आणि तुम्ही त्याचा वाटा गुहागरला पाठवलात, तर कागद नसेल तर ती मित्रानं दिलेली भेट ठरते. मित्र कायद्यात नातेवाईक नाही, पन्नास हजारांच्या वर गेली की पूर्ण रक्कम त्याच्या उत्पन्नात.

बाकी नऊ जणांनी प्रत्येक तिकिटाआधी एक साधा कागद करा, कुणी किती दिले, तिकीट नंबर, सह्या, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर. लागल्यावर सगळ्यांचीच स्मरणशक्ती बदलते हो. मी माझ्या कामात दोन जिवलग मित्र कायमचे तुटलेले बघितलेत, तिकीट चार जणांचं होतं की पाच यावरून.

रत्नागिरी_टू_देरा
आज जुम्मा आहे, सगळे रूमवर आहेत. वही काढलीय, नावं लिहायला घेतली. गुहागरवाल्याला फोन केला, जरा नाराज झाला, पण समजला. तो म्हणाला मग माझ्या नावानं तुम्ही भरा, त्याला नाही म्हणालो.

ठाणेकर_सिएटल
मी डिसेंबरला घरी जातोय, मित्रांचा गोव्याचा बेत आहे, मांडवीतल्या बोटीवर. एच-वन-बी वर अमेरिकेत निवासी. तिथे जिंकलं तर?

हिशोबनीस_पुणे
भारतात तुम्ही अनिवासी, तिथला जुगार भारतातलं उत्पन्न, कॅसिनोनं ३१.२ टक्के कापायला हवेत. निवासी माणसाचे ३० कापतात, बऱ्याच वेळा काउंटरवर तुमच्या पॅनवरून तेच कापतात, मग उरलेला सेस तुम्ही रिटर्नमध्ये भरा. परतावा मिळणार नाही, हरलेले वजा होणार नाहीत.

अमेरिकेत तुम्ही निवासी, गोव्याचे पैसे तिथल्या १०४० वर पण येणार. भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट फॉर्म १११६ वर. वॉशिंग्टन राज्यात पगारावर किंवा अशा पैशावर राज्याचा टॅक्स नाही. पॅन सोबत ठेवा आणि टीडीएस (कापलेला टॅक्स) २६एएस या टॅक्सच्या उताऱ्यात दिसतोय का ते मार्चनंतर बघा.

फ्रीमाँटकर
मंडळी, झालं. काल रात्री मिरजेला व्हिडिओ कॉलवर बसून आईचं केलं. फॉर्म ६७ मध्ये १०४२-एस जोडला, आयटीआर-२ भरला, दर तुम्ही सांगितलेल्या तारखांचेच धरले. ४,१८० रुपयांचं चलन आलं, आईनं तिच्या बँकेतून स्वतः भरलं, ओटीपी मोठ्यानं वाचत.

मी तिला म्हटलं की मी बटण दाबलं म्हणून सांगितलं असतं तर हे काहीच करायला लागलं नसतं असं मित्र म्हणतो. ती म्हणाली, "दाबलं मी, तर सही तू कशी करणार?" आणि पावतीची प्रिंट काढून आण म्हणाली शेजारच्या पोराला, पेन्शनच्या फायलीत लावायची आहे.